शुक्राणूंतून एन्झाइम काढायच्या चार पद्धती, एकाच सॅम्पलवर

मानवी शुक्राणूंमधून एन्झाइम कसं बाहेर काढायचं आणि कुठल्या पद्धतीने जास्त चांगलं निघतं, हा माझ्या पीएचडीतला अगदी सुरुवातीचा भाग होता. पेपरमधे हे काम एका ओळीत उरकलेलं असतं, अमुक पद्धतीने एक्स्ट्रॅक्ट केलं आणि पुढे थेट ग्राफ. पण माझं आता ठाम मत झालंय की निम्मा रिझल्ट त्या एका ओळीतच ठरतो, म्हणून जे काही केलं आणि पाहिलं ते सविस्तर लिहितेय. बायोकेमिस्ट्री किंवा अँड्रॉलॉजीवाल्या (पुरुषांच्या प्रजननाचा अभ्यास करणाऱ्या) कोणाला उपयोग झाला तर आनंदच आहे.

आधी कुठली एन्झाइम ते सांगते, कारण सगळं गणित तिथेच आहे. पहिलं अ‍ॅक्रोसिन. शुक्राणूच्या डोक्यावर पुढच्या बाजूला अ‍ॅक्रोसोम नावाची टोपी असते, तिच्यात हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम साठवलेलं असतं, तेही बहुतेक सगळं झोपलेल्या अवस्थेत, म्हणजे प्रोअ‍ॅक्रोसिन म्हणून. पीएच वाढून ८ च्या आसपास गेला की ते स्वतःच स्वतःला कापून जागं होतं. दुसरं एलडीएच-सी४, ज्याला जुने लोक एलडीएच-एक्स म्हणतात. लॅक्टेट डिहायड्रोजनेज शरीरात सगळीकडे असतं पण हा प्रकार खास वृषणातला आणि शुक्राणूंमधला, १९६३ मधे दोन वेगवेगळ्या गटांनी तो दाखवला. हे टोपीत नसतं, हे शेपटीच्या बाजूला सायटोसोलमधे (पेशीच्या आतल्या द्रवात) आणि थोडं मायटोकॉन्ड्रियात असतं आणि तिथे शुक्राणूच्या पळण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या कामात असतं. म्हणजे पेशी एकच पण माल दोन वेगळ्या खोल्यांत, आणि दोन्ही खोल्यांची कुलुपं वेगळी.

सॅम्पल कुठून आणलं हे सगळे विचारतात. सीमेन अ‍ॅनालिसिससाठी येणाऱ्या पुरुषांकडून, तपासणी झाल्यावर जे उरतं ते, लेखी संमती घेऊन, एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्यावरच. संमतीपत्र आम्ही मराठीत आणि हिंदीतही करून घेतलं होतं आणि ते वाचून दाखवायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असायचं. या माणसांबद्दल मला मनापासून लिहावंसं वाटतं. खिशात रिपोर्टची घडी घालून मान खाली घालून बसलेले असतात, बरोबर बायको असते जिच्या एव्हाना सगळ्या तपासण्या होऊन गेलेल्या असतात, सोनोग्राफी झाली ट्यूबची तपासणी झाली नवस झाले, आणि नवऱ्याची ही साधी तपासणी सगळ्यात शेवटी. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमधे पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बायकोच्या कारणाबरोबर असतं, तरी आपल्याकडे हे असं चालतं. त्यातले किती तरी जण संमतीपत्रावर सही करताना म्हणाले की मॅडम आम्हाला नाही तर निदान पुढच्या कोणाला उपयोग होऊ दे. त्यामुळे एक थेंबही वाया घालवायचा नाही हे माझं तेव्हापासून ठरलेलं.

वीर्य आल्या आल्या जेलीसारखं असतं, साधारण १५ ते ३० मिनिटांत ते पातळ होतं, तासाभरात नाही झालं तर काही तरी गडबड आहे. हे पातळ होणंसुद्धा एन्झाइमचंच काम, प्रोस्टेटमधून आलेलं पीएसए सेमिनोजेलिन नावाचं प्रोटीन तोडतं. आता गंमत बघा, पूर्ण वीर्यात शुक्राणूंचा वाटा आकारमानाने अगदी थोडा, शेकडा दोन ते पाच, बाकी सगळं सेमिनल प्लाझ्मा. आणि त्या प्लाझ्मात स्वतःची एन्झाइम भरपूर, वर अ‍ॅक्रोसिनला दाबून ठेवणारे इनहिबिटरपण. ते नीट धुतलं गेलं नाही तर तुम्ही मोजताय ते शुक्राणूंचं की प्लाझ्माचं हे देवालाच माहीत. आमच्याकडे एक सीनियर ताई होत्या, त्या म्हणायच्या की एक्स्ट्रॅक्शनवर भांडायच्या आधी वॉशवर भांडा, आणि ते शंभर टक्के खरं निघालं.

नुसतं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून सेंट्रीफ्यूज करणं (जोरात फिरवणं) हा सगळ्यात सोपा वॉश, पण त्यात पांढऱ्या पेशी, गोल पेशी, कचरा सगळं पेलेटमधे, म्हणजे तळाशी जमलेल्या गोळ्यात, येऊन बसतं. पांढऱ्या पेशींकडे तर स्वतःचे प्रोटीएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम) असतात, एलडीएचपण असतं, म्हणजे दोन्ही आकडे बिघडले. म्हणून आम्ही ग्रेडियंटवर, म्हणजे घट्ट द्रवाच्या थरांतून फिरवून शुक्राणू वेगळे करण्यावर, आलो, अ‍ॅक्रोसिनसाठी फायकॉल आणि बाकीला ४० आणि ८० टक्क्यांचा सिलिका ग्रेडियंट. स्विम-अपपण (शुक्राणूंना स्वतः पोहत वरच्या द्रवात येऊ देणं) करून पाहिलं, त्यात शुक्राणू फार सुंदर मिळतात, सगळे पळणारे, पण मिळतात कमी, आणि आपल्याला एका सॅम्पलचे चार भाग करून चार पद्धतींना द्यायचे असतील तर ते पुरत नाहीत. शिवाय फक्त पळणारे निवडले तर तो त्या माणसाच्या सॅम्पलचा खरा नमुना राहत नाही असं मला वाटतं, यावर मतभेद असू शकतात.

मग मोजणी. न्यूबावर चेंबरमधे (चौकटी आखलेल्या मोजणीच्या काचेवर), दोन वेळा, दोन वेगळ्या डायल्यूशनने, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. कंटाळवाणं काम आहे, डोळे दुखतात, पण शेवटी सगळे आकडे दर दशलक्ष शुक्राणूंमागे लिहायचे असतात, मोजणी चुकली की खालचा छेदच चुकला.

आता पद्धती. पहिली आम्लाची. अ‍ॅक्रोसिनची ही जुनी आणि मानाची पद्धत. पेलेटवर थंडगार आम्ल, पीएच ३ च्या जवळ, त्यात ग्लिसरॉल आणि बेन्झामिडीन. आम्लाने दोन कामं होतात, एक म्हणजे प्रोअ‍ॅक्रोसिन झोपलेलंच राहतं, आणि दुसरं म्हणजे इनहिबिटरने जे अ‍ॅक्रोसिन पकडून ठेवलेलं असतं ते सुटतं. बेन्झामिडीन हा सांभाळणारा, तो एन्झाइमच्या जागेत तात्पुरता बसतो आणि नंतर डायलिसिसने (बारीक छिद्रांच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर जाऊ देऊन) निघून जातो. इथे एक महत्त्वाचं सांगते, बहुतेक लॅबमधे प्रोटीन काढताना हात आपोआप पीएमएसएफ या इनहिबिटरच्या बाटलीकडे जातो, पण पीएमएसएफ अ‍ॅक्रोसिनच्या सेरीनला (त्याच्या काम करणाऱ्या जागेतल्या अमिनो आम्लाला) कायमचा चिकटतो. म्हणजे ज्याला मोजायचं त्यालाच मारून टाकायचं. कुठल्याही रेडिमेड इनहिबिटर कॉकटेलच्या बाटलीवर काय काय लिहिलंय ते नीट वाचा, अ‍ॅक्रोसिनच्या कामात ते कॉकटेल चालत नाही.

आम्लाच्या पद्धतीत वेळ जातो तो डायलिसिसमधे. कोल्ड रूममधे एक मिलीमोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमधे पिशव्या फिरत असतात, अधूनमधून द्रव बदलायचा. आमचे लॅबमधले मामा रात्री निघताना न चुकता विचारायचे, ताई तुमच्या पिशव्या आहेत ना आत, दिवा चालू ठेवू का. मग सकाळी पिशवीतला एक्स्ट्रॅक्ट काढून पीएच ८ ला आणायचा आणि ठरावीक वेळाने थोडा थोडा काढून मोजायचा. हा भाग मला सगळ्यात आवडतो. बापना नावाचं सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याच्यावर काम करतं ते रसायन) असतं, अ‍ॅक्रोसिनने ते तोडलं की पॅरानायट्रोअ‍ॅनिलीन सुटतं आणि पिवळा रंग येतो, ४१० नॅनोमीटरला वाचायचा. सुरुवातीच्या ट्यूबमधे जवळजवळ पाणी, मग फिकट लिंबू, मग हळदीचा पिवळा, रॅकमधे एका ओळीत उभ्या ठेवल्या की झोपलेलं एन्झाइम जागं होताना डोळ्यांनी दिसतं. आणि एका टोकाला जाऊन रंग परत फिका व्हायला लागतो कारण जागं झालेलं अ‍ॅक्रोसिन शेवटी स्वतःलाच खाऊन टाकतं. त्यामुळे एकाच वेळेचं रीडिंग घेऊन मोकळं होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, तो आकडा चढणीवरचा आहे की उतारावरचा हे कळणार कसं.

पण याच आम्लाच्या एक्स्ट्रॅक्टमधे एलडीएच बघायला जाल तर हाती काही लागत नाही, त्या पीएचला ते मोडून पडतं. म्हणजे एका एन्झाइमसाठी आदर्श असलेली पद्धत दुसऱ्याचा जीव घेते.

दुसरी पद्धत डिटर्जंटची, ट्रायटन एक्स-१००. क्लिनिकल लॅबला झेपेल अशी. १९८९ मधे अ‍ॅक्रोसिनची एक सोपी अ‍ॅसे (एन्झाइम मोजायची चाचणी) आली जिच्यात काढणं आणि मोजणं एकाच ट्यूबमधे होतं, धुतलेले शुक्राणू, ट्रायटन, पीएच ८ चा बफर आणि बापना सगळं एकत्र, तीन तास ठेवा, बेन्झामिडीन घालून थांबवा, फिरवा आणि वरचं पिवळं पाणी वाचा. ब्लँकमधे (तुलनेसाठीच्या ट्यूबमधे) बेन्झामिडीन आधीच घालायचं. डायलिसिस नाही, रात्रभर थांबणं नाही, शुक्राणूही कमी लागतात. पण तुम्हाला मिळतो तो एकच एकत्रित आकडा, किती आधीच जागं होतं आणि किती आता जागं झालं हे त्यातून वेगळं करता येत नाही.

ट्रायटनबद्दल दोन गोष्टी. एक, ते मधासारखं घट्ट असतं, थेट पिपेटने घ्यायला गेलं तर टिपच्या आत-बाहेर चिकटून माप हमखास चुकतं, म्हणून आधी १० टक्क्यांचं करून ठेवायचं. दुसरं, त्याच्या रेणूत बेन्झीनची कडी असल्यामुळे ते स्वतःच २८० नॅनोमीटरला, जिथे प्रोटीन मोजतात तिथेच, प्रकाश शोषतं, आणि ब्रॅडफर्ड या प्रोटीन मोजायच्या पद्धतीलाही गोंधळात टाकतं, म्हणून प्रोटीन मोजायचं तर बीसीए ही दुसरी पद्धत.

आणि एक निरीक्षण जे मला कुठल्या प्रोटोकॉलमधे लिहिलेलं सापडलं नव्हतं. साध्या पेशींवर ट्रायटन घातलं की पुष्कळदा न्यूक्लियसही फुटतो, डीएनए सुटतो आणि सगळं लाळेसारखं तारेतारेचं होतं. शुक्राणूंचं तसं होत नाही, त्यांचा डीएनए प्रोटामीन नावाच्या प्रोटीनवर इतका घट्ट बांधलेला असतो आणि वर डायसल्फाइडच्या गाठी, की डिटर्जंटला तो दाद देत नाही. फॉरेन्सिकवाले याच्यावरच तर काम करतात, आधी बाकीच्या पेशी फोडून घेतात आणि मग डीटीटी (त्या डायसल्फाइडच्या गाठी सोडवणारं रसायन) घालून शुक्राणूंची डोकी उघडतात. म्हणून माझ्या ट्रायटनच्या ट्यूबमधे तार दिसली की मी ती ट्यूब बाजूला काढून त्या सॅम्पलची पांढऱ्या पेशींसाठी पेरॉक्सिडेज टेस्ट परत बघायचे, आणि बहुतेक वेळा तिथेच उत्तर असायचं.

तिसरी पद्धत गोठवणं आणि वितळवणं. लिक्विड नायट्रोजनमधे बुडवा, ३७ अंशाच्या वॉटर बाथमधे आणा, परत बुडवा. बर्फाचे कण पडदे फाडतात आणि आतलं पाणी बाहेर येतं. कुठलंच केमिकल नाही हा मोठा फायदा, त्यामुळे पुढची कुठलीही टेस्ट बिनधास्त करता येते. एलडीएच-सी४ साठी माझी पसंती हिलाच. अ‍ॅक्रोसिन मात्र हट्टी, टोपी फाटली तरी ते आतल्या जाळ्याला धरून बसतं, थोडंफारच बाहेर येतं. हे कळलं आमच्या लॅबमधल्या मॅडमच्या एका वाक्याने. मी वरचा द्रव घेऊन निघाले होते तर त्या म्हणाल्या, "अगं, पेलेट कुठे ठेवतेयस? त्यात काय राहिलंय ते मोजल्याशिवाय किती निघालं हे तू सांगणार कसं?" तेव्हापासून प्रत्येक पद्धतीनंतर उरलेल्या पेलेटवर दुसरी पद्धत चालवायची आणि दोन्हींची बेरीज मांडायची हा नियमच झाला. गोठवून उरलेल्या पेलेटवर ट्रायटन घातलं की पिवळा रंग असा काही चढायचा की शंकेला जागा नाही, माल आतच होता.

चौथी सॉनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींच्या झटक्यांनी पेशी फोडणं. हिच्याबद्दल थोडक्यातच लिहिते कारण मला ती फारशी आवडली नाही. बर्फात ट्यूब, काही सेकंदांचे झटके, मधे विश्रांती. प्रोब जरा वर आला की फेस होतो आणि फेसात प्रोटीन खराब होतं, जास्त वेळ चालवलं की गरम होतं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर शेपट्यांचे तुकडे तुकडे आणि डोकी मात्र तशीच शाबूत, हे दृश्य बघण्यासारखं असतं. दोन्ही एन्झाइम निघतात हे खरं, पण आज आलेला आकडा उद्या येईलच असं नाही, चारही पद्धतींत सगळ्यात जास्त फरक हिच्याच ट्यूबमधे. आणि मानवी वीर्याचे तुषार हवेत उडवणं हा धोकाच आहे, एचआयव्ही हिपॅटायटिस काहीही असू शकतं, त्यामुळे हे काम सेफ्टी कॅबिनेटमधे आणि बंद ट्यूबमधेच.

आता तुलना कशी करायची, आणि माझं सगळ्यात आग्रहाचं म्हणणं इथे आहे. पुष्कळ जण पद्धतींची तुलना स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटीवर करतात, म्हणजे दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे किती एन्झाइम. एन्झाइम शुद्ध करताना हे माप बरोबर आहे, पण एक्स्ट्रॅक्शनच्या तुलनेत ते फसवतं. आम्लात बाकीची बरीच प्रोटीन विरघळतच नाहीत, साका होऊन खाली बसतात, त्यामुळे छेद लहान आणि आकडा दिमाखदार. ट्रायटन पडद्यातली, सायटोसोलमधली सगळी प्रोटीन ओढून आणतं, छेद मोठा, आकडा पडेल. प्रत्यक्षात ट्रायटनने अ‍ॅक्रोसिन कमी काढलेलं नसतं, बरोबर इतर गर्दी जास्त आणलेली असते. माझ्याच डेटात छेद बदलला की पद्धतींचा क्रम उलटा होत होता. म्हणून दर दशलक्ष शुक्राणूंमागे किती, आणि पेलेटमधे किती राहिलं, हे दोन आकडे दिले नसतील तर अशी तुलना मी आता गांभीर्याने घेत नाही. पीएचडीच्या कमिटीतल्या एका सरांना हे पटायला वेळ लागला पण पेलेटचे आकडे दाखवल्यावर त्यांनीच इतर मुलांनाही तसंच करायला सांगितलं.

एलडीएचच्या बाबतीत नुसता एकूण आकडा पुरत नाही, कारण नेहमीचे पाच प्रकारही त्यात मिसळलेले असतात, थोडा प्लाझ्मा राहिला तरी किंवा पांढऱ्या पेशी राहिल्या तरी. म्हणून जेल चालवायची, म्हणजे विजेने हे प्रकार वेगळे करायचे, आणि झायमोग्राम करायचा, म्हणजे एन्झाइम जिथे आहे तिथे रंग उमटवायचा. जेल एका ट्रेमधे, वर लॅक्टेट, एनएडी, पीएमएस आणि एनबीटी या रंग उमटवायला लागणाऱ्या रसायनांचं मिश्रण, अंधारात ३७ अंशाला. थोड्या वेळाने झाकण उघडलं की जांभळे पट्टे उमटलेले असतात, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधे एक जास्तीचा पट्टा, तो सी४. रक्ताच्या सीरमच्या लेनमधे तो नसतो. माझ्या गोठवलेल्या एक्स्ट्रॅक्टच्या लेनमधे तो एकटाच ठळक आणि बाकीचे अगदी पुसट असे आले तेव्हा वॉशसाठी घालवलेले सगळे तास वसूल झाले.

या सगळ्यात एक सॅम्पल फार शिकवून गेलं. त्यातले शुक्राणू गोल डोक्याचे होते, टोपीच तयार होत नाही असा दुर्मिळ दोष, ग्लोबोझूस्पर्मिया. अ‍ॅक्रोसोमसाठी आम्ही वाटाण्यातून काढलेल्या लेक्टिनचा (साखरेला चिकटणाऱ्या प्रोटीनचा) स्टेन वापरतो, चमकणारं हिरवं, त्याच्यात ही डोकी काळीच राहिली. आम्ल लावा, ट्रायटन लावा, पिवळा रंग नावाला. पण गोठवून काढलेलं एलडीएच-सी४ व्यवस्थित. म्हणजे ट्रायटनच्या ट्यूबमधला पिवळा रंग खरोखर टोपीतूनच येतो, दुसऱ्या कुठल्या प्रोटीएजमधून नाही, याचा याहून चांगला पुरावा मी स्वतः बनवू शकले नसते. त्या जोडप्याला इक्सीचा सल्ला मिळाला, अशा केसमधे डॉक्टर बहुतेक तोच देतात, कारण त्यात शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडतात आणि टोपीची गरज उरत नाही.

सेमिनारमधे नेहमी एक प्रश्न यायचा की अ‍ॅक्रोसिन नसलेल्या उंदरांना पिल्लं होतात, १९९४ मधेच दाखवलंय, मग हे मोजायचं कशाला. प्रश्न रास्त आहे. पण उंदीर म्हणजे सगळे सस्तन प्राणी नाहीत, २०२० मधे हॅमस्टरमधे उलटं निघालं, अ‍ॅक्रोसिन नसलेल्या हॅमस्टरचे शुक्राणू बीजांडाच्या बाहेरच्या आवरणाशीच अडकले. आणि एलडीएच-सी४ काढून टाकलेल्या उंदरांचे शुक्राणू नीट पळूच शकत नाहीत हे २००८ पासून माहीत आहे. माणसात नक्की काय हे उंदरावरून ठरवायची घाई मला तरी मान्य नाही, त्यासाठी माणसाच्या शुक्राणूंतूनच भरवशाने एन्झाइम काढता आलं पाहिजे.

घरी आईला सुरुवातीला अवघड जायचं, कोणी विचारलं की ती नुसतं "रिसर्च करते" म्हणायची. मग एकदा नात्यातल्या एका जोडप्याचा विषय निघाला, सगळे सुनेवर घसरले होते, तेव्हा आईनेच सगळ्यांसमोर विचारलं की मुलाची तपासणी केली का आधी. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

आता पुढचं एन्झाइम म्हणून हायल्युरोनिडेज घेतलंय. शुक्राणूवरचं पीएच-२० नावाचं हे एन्झाइम पडद्याला एका चरबीच्या दोऱ्याने बांधलेलं असतं, त्यामुळे नुसतं गोठवून ते सुटत नाही, डिटर्जंट लागतं किंवा तो दोराच कापणारं फॉस्फोलिपेज लागतं. फॉस्फोलिपेज महाग आहे, मागवलंय. तोवर जुने एक्स्ट्रॅक्ट उणे ८० मधे दोन वेगळ्या रॅकमधे ठेवलेत, अ‍ॅक्रोसिनचे आम्लात, एलडीएचचे साध्या बफरमधे, आणि मामांनी त्यांच्या अक्षरात दोन्हींवर मोठ्या चिठ्ठ्या लावल्यात.